घर सोडावं लागतं का?

मखमलाबादच्या नवसाबाईला साधूंची कधी भीती वाटली नव्हती. पण २००३च्या सिंहस्थात रस्त्यावर भगवं वस्त्र दिसलं की ती आधी त्या माणसाचा चेहरा निरखून पाहायची.

त्याला कारण तिचा नवरा पुंजाराम. दोघं मिळून फुलांचा मळा करायची. त्या उन्हाळ्यात पुंजारामचा धाकटा भाऊ झुंबर विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. त्यानंतर पुंजाराम पंचवटीत एका माताजींच्या वेदान्ताच्या प्रवचनांना जाऊ लागला. माणूस निदान घराबाहेर पडतोय, म्हणून आधी नवसाबाईला बरंच वाटलं. पण पुढे तो तासन्‌तास डोळे मिटून बसायला लागला. गुलाब झाडावर सुकले तरी उठेना. एकदा तिने मुलीच्या, मंजुषाच्या लग्नाचा विषय काढला, तर म्हणाला, "कोण कुनाची पोरगी? सगळी माया हाय."

मंजुषा तिथंच भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

श्रावणात एके सकाळी तो फुलं घेऊन बाजारात गेला, तो दुपारपर्यंत परतलाच नाही. नवसाबाई बाजारात पोचली. शेजारी बसणारी शकुबाई म्हणाली, "पाट्या माझ्याकडं टाकून तपोवनाकडं गेला की. काय बोलला बी नाय."

तपोवनात जिकडे पाहावं तिकडे राहुट्या आणि धुनीचा धूर. एका राहुटीत नुकतंच मुंडण केलेला माणूस पाठमोरा बसला होता. तेच खांदे, तशीच मान. तिने हाक मारली. त्याने वळून पाहिलं. दुसराच कोणी होता. तिला रडूही येईना.

शेवटी विचारत विचारत ती माताजींच्या मंडपात आली. नमस्कारही न करता तिने विचारलं, "ज्ञान व्हायला घर सोडावं लागतं का वो?"

"तुम्ही पुंजारामच्या मंडळी का?" माताजी म्हणाल्या. "सकाळीच संन्यास मागायला आले होते. मी विचारलं, घरी कोण आहे? म्हणाले, कोणी नाही."

नवसाबाईचा हात गळ्यातल्या मंगळसूत्रावर गेला.

"खोटं बोलताहेत हे मला कळलं. म्हणून बसवून ठेवलंय. मागे आहेत, जा."

मंडपामागे पुंजाराम गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"आमाला मेलेलं समजलात व्हय?" तिने विचारलं.

त्याने डोकं वर केलं. मग म्हणाला, "झुंबरला त्या मोटारीजवळनं मीच उचलला गं. आता मंजी मोटारीकडं गेली की माझा जीव जातो. वाटलं, कुनी माझं नसलं म्हंजे भ्या बी नसंल."

"मग गेलं का भ्या?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

माताजी मागे येऊन उभ्या होत्या. "हे वैराग्य नाही, पुंजाराम," त्या म्हणाल्या. "ही धास्ती आहे. घरी जा. तिथं राहून ध्यान करता येतं."

तो घरी आला. पुढच्या वैशाखात मंजुषाचं लग्न झालं, तेव्हा मांडवात सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला. ध्यान मात्र त्याने सोडलं नाही. पहाटे तो डोळे मिटून बसला की नवसाबाई शेजारी बसून गजरे ओवायची. त्याच्यावरून नजर हटवायचं धाडस तिला पुढे कितीतरी वर्षं झालं नाही.