सूचक, क्रांती दादासो कुरणे

आमच्या वसाहतीच्या तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीला लागून क्रांतीअक्काचं टेबल. रेशनकार्डात नाव घालायचं असो, उत्पन्नाचा दाखला असो, घरफाळ्यावर हरकत असो, माणूस आधी अक्काकडं येतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, शिक्षण बारावी, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. नवरा दादासो शिरोलीला फाउंड्रीत कामाला. अर्ज लिहिताना अक्का कुणाला नाव विचारत नाही. नाव, बापाचं नाव, घर नंबर, सगळं तिला पाठ. मतदारयादी आली की ती आम्ही पेपर वाचतो तशी वाचते, आणि कोण मेलं तरी यादीत आहे, कोण दोन ठिकाणी आहे, ते पेन्सिलीनं खुणा करून ठेवते.

तिला महापालिकेत जायचं होतं. हे ती बोलत नसे, पण मला ठाऊक होतं. मागच्या दोन्ही निवडणुकांत मतदान केंद्रात प्रतिनिधी म्हणून दिवसभर तीच बसली होती. आमच्या भागातल्या आघाडीचे पुढारी कृष्णातभाऊ दरवेळी तिला म्हणायचे, "क्रांतीताई, पुढल्या टायमाला तुमचंच तिकीट." पुढे दहा वर्षं निवडणूकच झाली नाही. त्या काळात तिनं माहेरच्या नावाची जात पडताळणी करून घेतली. तीन वर्षं हेलपाटे घातले आणि कागद हातात आल्यावर माझ्याकडूनच लॅमिनेट करून घेतला.

अडचण एकच होती आणि ती तिच्याइतकी कुणालाच नीट माहीत नव्हती. तिला तीन मुलं. आर्यन, निशा आणि सोनम. निशानंतर ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्याच आठवड्यात फाउंड्रीत दादासोच्या पायावर लोखंडाचा तापलेला रस सांडला. चार महिने तो अंथरुणावर होता आणि ऑपरेशन राहून गेलं. त्यातून सोनम झाली. दोन हजार एक सालानंतर तिसरं मूल झालेल्या माणसाला निवडणुकीला उभं राहता येत नाही. दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, तो नियम आता जाणार. अक्का तसल्या बातम्या कापून टेबलाच्या खणात ठेवायची. नियम काही गेला नाही.

गेल्या हिवाळ्यात निवडणूक लागली. आमचा प्रभाग चार जागांचा. सोडत निघाली आणि त्यातली एक जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णातभाऊ कुरण्यांच्या घरी गेले. अक्कानं नवी साडी नेसली होती. हे तिनंच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना स्वतःवरच चिडली.

भाऊ चहा पिऊन म्हणाले, "ताई, तुमची तीन हायत की. आम्ही वकिलाला इचारलंय. न्हाय जमणार."

"मला ठाऊक हाय," अक्का म्हणाली.

"मग धाकट्या सूनबाईंचं कसं?"

धाकटी सूनबाई म्हणजे प्रियदर्शनी, अक्काच्या दिराची बायको. माहेर गडमुडशिंगीचं, वय बत्तीस, एकच मुलगा. ती एका दवाखान्यात नर्स. घरी आली की म्हाताऱ्याकोताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायची, इंजेक्शन द्यायची, पैसे घ्यायची नाही. आपला प्रभाग किती नंबरचा हे तिला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. भाऊंनी विचारलं तेव्हा ती हातातला कपबशांचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का संगं असतील तर मी उभी ऱ्हातो."

घरातले सगळे हसले. सासू बयाबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. अक्का मला म्हणाली, "एवढ्या वर्षांत माझ्या तोंडावरनं हात न्हाय फिरवला म्हातारीनं. आणि हिला प्रभाग म्हंजे काय ते ठाऊक न्हाय."

त्या दिवसापासून मी अक्काला बघत होतो. कुणी टेबलाशी येऊन "प्रियाताई उभ्या ऱ्हात्यात म्हणं, लई ग्वाड बाई" असं म्हणालं की अक्काचं पेन कागदावर जोरात टेकायचं. एकदा ती मला म्हणाली, "माझ्याकडं येताना माणसं कपाळाला आठी घालून येत्यात. कागद हरवलेला असतोय, साहेबानं हाकललेलं असतंय. माझं काम झालं की ती आठी माझ्यापाशी टाकून जात्यात. हिच्याकडं जात्यात ती बरी हून येत्यात. मग कुणाला मत देतील?" तिनं बरोबर ओळखलं होतं.

अर्ज भरायचं काम अर्थातच तिच्यावर आलं. ती सगळं यादी करून सांगायची आणि प्रियदर्शनी वहीत लिहून घ्यायची. घरफाळा आणि पाणीपट्टीची बाकी नसल्याचा दाखला. जातीचा दाखला आणि पडताळणीला अर्ज केल्याची पावती. घरात संडास असल्याचं प्रमाणपत्र. मालमत्ता, गुन्हे आणि मुलं यांचं शपथपत्र. निवडणुकीच्या खर्चाला बँकेत वेगळं खातं. आघाडीच्या अधिकृत तिकिटाचा एबी फॉर्म, तो भाऊ देतील. प्रियदर्शनी दवाखान्यातून सुटली की एकेका ऑफिसात जायची आणि संध्याकाळी कागद आणून टेबलावर ठेवायची. अक्का महिनाभर ज्या दाखल्यासाठी खेटे घालायची तो हिला दोन दिवसांत मिळाला, कारण तिथल्या क्लार्कच्या आईला हिनं कधीतरी सलाईन लावलं होतं. त्या संध्याकाळी अक्का जेवली नाही.

शेवटी अर्ज लिहायला घेतला. माझ्याच दुकानात, मधल्या वेळेला. अर्जावर एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक, म्हणजे या बाईला उभं करा असं म्हणणारे दोन मतदार. दोघेही त्याच प्रभागातले पाहिजेत.

"सूचक यल्लव्वा मावशी," प्रियदर्शनी म्हणाली. "मी त्यास्नी शब्द दिलाय."

यल्लव्वा भाजी विकते. सगळी वसाहत तिला मानते. पण नव्या प्रभागरचनेत नाल्यापलीकडची एक गल्ली शेजारच्या प्रभागात गेली होती आणि यल्लव्वाचं घर त्या गल्लीत. वसाहतीत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अक्काच्या यादीवर तिथं पेन्सिलीची खूण होती.

अक्कानं लिहिलं. सूचकाचं नाव, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, सगळं बिनचूक, फक्त शेजारच्या प्रभागाचं. यल्लव्वानं अंगठा उठवला. मी झेरॉक्स काढल्या. अर्ज दुपारी दाखल झाला, खिडकीवर कुणी काही बोललं नाही. असल्या चुका छाननीच्या दिवशी निघतात, अर्ज भरायची मुदत संपल्यावर. जाणती माणसं म्हणून दोन-तीन अर्ज भरून ठेवतात, एक गेला तरी दुसरा राहतो. हेही अक्काला ठाऊक होतं. तिनं एकच भरला.

अर्ज भरायला अजून एक दिवस बाकी होता. त्या शेवटच्या दिवशी सकाळी सोनमच्या चपला दारात आडव्या पडल्या होत्या. अक्कानं त्या लाथेनं उडवल्या आणि पोरीला वाट्टेल ते बोलली. सोनम बारावीला. ती चपला गोळा करत म्हणाली, "आई, माझ्यामुळं झालं न्हवं हे?"

"काय झालं?"

"तू उभी न्हाय ऱ्हायलीस ते. आजी म्हणाली."

अक्कानं तिला गप बसवलं आणि टेबलावर येऊन बसली. अकरा वाजता तिनं यादी काढली, मिटली, पुन्हा काढली. मग मला म्हणाली, "कोरा अर्ज आणून दे. लगेच."

तिनं असं का केलं, याची तिनं मला दोन कारणं सांगितली. एक सोनमचं. "पोरीला वाटतंय, ती नसती तर बरं झालं असतं. मी तसं तोंडानं न्हाय म्हणालो, पण महिनाभर घरात वागलो तसंच." दुसरं कारण सांगताना ती हसली. "आणि अर्ज बाद झाला असता तर माणसं काय म्हणाली असती? क्रांतीनं भरलेला अर्ज बाद झाला. वीस वर्षांत माझा एक कागद परत आलेला न्हाय." यातलं कुठलं कारण आधीचं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या अर्जावर सूचक म्हणून तिनं स्वतःचं नाव घातलं. क्रांती दादासो कुरणे. उभं राहायला तिला बंदी होती, दुसऱ्याला उभं करायला नव्हती. प्रियदर्शनीला दवाखान्यातून बोलावून घेतलं आणि रिक्षात बसवलं. "कशाला आणि एक?" तिनं विचारलं. "लागतोय," अक्का म्हणाली. तीन वाजता दार बंद होणार होतं. त्या पावणेतीनला आत गेल्या.

छाननीला मीही गेलो होतो. अधिकाऱ्यांनी पहिला अर्ज उचलला. विरोधी उमेदवाराचा वकील तयारच होता. "सूचक या प्रभागातल्या नाहीत." अधिकाऱ्यांनी यादी बघितली आणि अर्ज बाजूला टाकला. कृष्णातभाऊ पांढरेफटक पडले. मग दुसरा अर्ज निघाला, तो तपासला गेला आणि मंजूर झाला.

बाहेर आल्यावर भाऊंनी अक्काचे दोन्ही हात धरले. "काय डोकं हो ताई! आधीच वळखून दुसरा भरून ठेवला. ह्या बाईमुळं वाचलो रे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्काची मान खाली. मी तिच्या शेजारी होतो, पण तिच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही. प्रियदर्शनी टाळ्या वाजवत नव्हती.

त्या संध्याकाळी ती टेबलाशी आली. स्टूल ओढून बसली.

"अक्का, मावशीचं घर पलीकडं गेलंय, हे तुमास्नी ठाऊक न्हवतं?"

मी झेरॉक्सच्या मशीनमागं होतो. अक्का खोटं बोलू शकली असती. तिनं चष्मा काढला.

"ठाऊक होतं."

"लिवताना?"

"लिवताना."

प्रियदर्शनीचे डोळे भरले, पण आवाज साधा होता. "मला वाटलं हुतं तुमाला वाईट वाटत आसंल. एवढं वाटतंय, हे न्हवतं ठाऊक."

"मलाबी न्हवतं."

प्रियदर्शनी उठली. "उद्या सकाळी पहिल्या गल्लीतनं सुरुवात हाय. येणार का?"

"मी सूचक हाय," अक्का म्हणाली. "यायलाच लागतंय."

पंधरा दिवस अक्का तिच्याबरोबर फिरली. कुणाच्या घरात किती मतं, कुणाचा रुसवा कशावरून, कुठल्या दारात चप्पल काढायची, सगळं तिनं सांगितलं. पण दारात गेल्यावर माणसं प्रियदर्शनीचाच हात धरायची. चिमणाबाई म्हणून एक म्हातारी आहे. अक्कानं तिची पेन्शन सुरू करून दिली होती. तीसुद्धा अक्काला बाजूला सारून प्रियदर्शनीला ओवाळायला पुढं झाली. अक्का मला म्हणाली, "एक घाव गेला की दुसरा तयारच. मी मोजायचं सोडलं."

प्रियदर्शनी निवडून आली, फार थोड्या मतांनी. गुलालात सगळी वसाहत नाचली. बयाबाई कट्ट्यावर बसून टाळ्या वाजवत होत्या, दादासो दुखऱ्या पायानं नाचत होता. अक्का नाचली नाही. तिच्या केसांत गुलाल मात्र होता. सोनमनं घातला होता.

आता कुरण्यांच्या दाराशी सकाळपासून माणसं असतात. कुणी अक्काच्या टेबलाशी आलं तर "नगरसेविका हायत का?" एवढंच विचारतं. अक्का बोटानं दार दाखवते. संध्याकाळी प्रियदर्शनी कागदांचा गठ्ठा घेऊन टेबलाशी येते आणि अक्का एकेक पत्र लिहून देते. बघणाऱ्याला वाटतं, दोघी जावांचं काय जमतंय.

मागल्या महिन्यात नाल्याच्या भिंतीसाठी दोघी अधिकाऱ्याकडं गेल्या होत्या. सगळी कागदपत्रं अक्कानं तयार केली होती, मुद्देही तिचेच. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काम झालं का. म्हणाली, "हुतंय. मंजूर करतो म्हणाले."

"मग तोंड का असं?"

तिनं पेनाचं टोपण लावलं. "साहेबानं हिला खुर्ची दिली. मी मागं उभी. तर ही म्हणाली, आधी आमच्या अक्कास्नी खुर्ची द्या, त्याशिवाय मी बोलणार न्हाय. शिपाई पळत जाऊन खुर्ची घेऊन आला."

"चांगलंच की."

"चांगलंच. वाईट वागली असती तर मला सोपं गेलं असतं. आता हिच्यावर जळायचं कसं, सांग. तरी जळतो मी."

"मग बसलीस का खुर्चीत?"

"बसलो," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाचा कागद ओढून घेतला. "पाय दुखत हुते."