उद्घाटनाचा चेंडू

फलंदाज बाद झाला की काका लगेच बोट वर करायचे नाहीत. आधी पँट वर ओढायची, मग घसा खाकरायचा, मग बोट, आणि बोटाबरोबर दोनच शब्द, "चला, उतरा!" एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाले तरी ते बोलणं गेलं नाही. बाद झालेला क्रीजमध्ये घुटमळायला लागला, तर वर म्हणायचे, "मागं लोकं उभे हायेत ना, भाऊ."

असा एखादा पंच तुमच्याही गावच्या मैदानावर तुम्ही पाहिला असेल. पाथरीकडच्या आमच्या गावात टेनिस बॉलचा सामना काकांशिवाय होत नसे. माणूस मोठा गोड होता असं मात्र नाही. चहा गोड झाला म्हणून कुरकुरायचे, मैदानात कुत्रं आलं की खेळ थांबवायचे आणि कुत्र्याच्या मालकाला नावानिशी शिव्या घालायचे. एकदा धोंड्याच्या जेवणाला आलेला त्यांचा जावई हौसेने खेळायला उतरला. काकांनी त्याला पहिल्याच चेंडूवर धावबाद दिलं. जावई रुसून जेवला नाही, काकूंनी अबोला धरला. काका मात्र पारावर बसून सगळ्यांना सांगत होते, "पाय भायेर होता. आता म्या काय करू?"

मग गावात लीग आली. मंगल कार्यालयात खेळाडूंचा लिलाव झाला. आमच्याच ओळखीची पोरं एकेक करून स्टेजवर उभी केली, आणि बाजारातल्या गोऱ्ह्यांसारखे त्यांचे दात तपासायचे तेवढे बाकी ठेवले. वेशीवर बॅनर लागलं. त्यावर प्लॉटिंगवाले साहेब, साहेबांचे चिरंजीव, साहेबांचे शुभेच्छुक, सगळे होते. खेळणारा एकही नव्हता. सीमारेषेची पांढरी दोरी पहिल्याच दिवशी गुटख्याने लाल झाली. मी शाळेत मास्तर, आवाज मोठा, म्हणून माइक माझ्याकडे. प्रत्येक षटकानंतर साहेबांच्या प्लॉटचा पत्ता वाचताना माझ्या तोंडाला कडवट चव यायची. साहेबांचा स्वतःचा संघही लीगमध्ये होताच.

उद्घाटनाचा पहिला चेंडू पाहुण्याने खेळायचा, ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. गोलंदाज हळूच टाकतो, पाहुणा बॅट हलवतो, काहीही झालं तरी टाळ्या होतात, फोटो निघतो. साहेब गळ्यातला हार न काढताच उभे राहिले. चेंडू लागला तर नाहीच, उलट मधला स्टंप आडवा झाला. यष्टिरक्षक तो गुपचूप सरळ करायला वाकला, एवढ्यात मला काका पँट वर ओढताना दिसले.

"चला, उतरा!"

गच्चीवरच्या बायकासुद्धा हसल्या. साहेबही हसले, पण नुसते दात दाखवून. मोबाइलवर सगळं थेट चालू होतं.

संध्याकाळी लीगचा अध्यक्ष काकांच्या ओसरीवर आला. बॅट कशी धरायची हे लहानपणी काकांनीच त्याला शिकवलं होतं. मीही तिथे होतो.

"काका, साहेब लय नाराज हायेत. फायनलच्या दिवशी माइकवर माफी मागा. न्हाई तर पंच परभणीवरून बोलवावा लागंल."

"माफी कशाची? दांडी उडाली का न्हाई?"

"उडाली. पण ते क्रिकेट नव्हतं ना काका, उद्घाटन होतं."

"मग स्टंप कशाला रोवले?"

वाद काकांनी जिंकला, पण लीग अध्यक्षाकडे होती. दुसऱ्या दिवसापासून परभणीचा पंच आत आणि काका दोरीबाहेर. तरी रोज यायचे. वाइड पडला की गर्दीत त्यांचे दोन्ही हात आपोआप आडवे व्हायचे, शेजारच्याला लागायचे, आणि शेजारचा खेकसायचा. त्या मैदानावरची एकही फायनल काकांनी चुकवली नव्हती. ही आपल्याविना होणार, हे त्यांना सोसत नव्हतं.

फायनलच्या सकाळी ते इस्त्रीचा पांढरा कोट घालून आले आणि माइक त्यांनी माझ्या हातातून घेतला.

"साहेब, माझं चुकलं. म्हातारा समजून माफ करा."

साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि माइकमध्ये म्हणाले, "काका आपलेच हायेत!" लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मला शिसारी आली. पण काका आत गेले, स्टंप नीट रोवले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्यांच्यावर रागावताही येईना.

शेवटचं षटक. साहेबांच्या संघाची शेवटची जोडी फलंदाजीला, गोलंदाज शेजारच्या पोखर्णी गावचा. फलंदाजाने चेंडू ढकलला आणि पळाला. गोलंदाजाने चेंडू उचलून काकांच्या पुढ्यातच स्टंप उडवले. फलंदाज हातभर बाहेर होता. आपण बाद आहोत हे कळल्यामुळे तो बॅट बगलेत मारून तंबूकडे चालूही लागला होता.

साहेब दोरीपाशी खुर्चीवर उभे राहून बघत होते. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि फलंदाजाला हाक मारली, "परत ये. नाबाद."

तो पोरगा ओशाळून परत आला. पुढच्याच चेंडूवर त्याच्या जोडीदाराने षटकार मारला आणि साहेबांचा संघ जिंकला. डीजे सुरू झाला. मला साहेबांची किळस होतीच. त्या क्षणी मला काकांचीही किळस आली, अगदी मनापासून. ज्याने जावयाला सोडलं नाही, तो माणूस एका थापेत विकला गेला होता.

काका आता मैदानावर येत नाहीत. कोणी बोलवायला गेलं तर काकू दारातूनच परतवतात. या वर्षी त्यांच्याशिवायच लीग झाली आणि कोणाचं काही अडलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढून एक गोष्ट मात्र जात नाही. फायनल संपल्यावर पंचांच्या पाया पडायची आमच्याकडे रीत आहे. जिंकलेली पोरं साहेबांना खांद्यावर घेण्यात गुंतली होती. पोखर्णीचा गोलंदाज तेवढा आला. त्याचे डोळे लाल होते. आता हा भांडणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याने भांडावं असंच वाटत होतं. तो वाकला.

"माझाच अंदाज चुकला आसंल, काका," तो म्हणाला. "तुमी नाबाद दिलं म्हणजे पाय आतच आसंल."

काकांनी दोन्ही पाय झटकन मागे घेतले. तो हात पुढे करून वाकलेलाच राहिला, आणि काका त्याच्याकडे बघत, एकेक पाऊल मागे सरत राहिले.