साखळीआजीच्या सुना

साखळीआजीचं दार चार बोटांपेक्षा जास्त उघडलेलं फार थोड्यांनी पाहिलं असेल. आमच्या धाड गावात दिवसा कुणी कडी लावत नाही; कोंबड्या, शेजारची पोरं, सगळे आतबाहेर करत असतात. आमच्या गल्लीत दाराला आतून साखळी असलेलं घर तेवढं एकच. कुणी हाक मारली की ती साखळी न काढता दार किलकिलं करायची. फटीतून आधी एक डोळा दिसायचा आणि मग प्रश्न यायचा, "तुले कोनं पाठवलं?" पोस्टमन असो, मतं मागणारा असो, नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन आलेला सख्खा भाचा असो, प्रश्न तोच. भाचा एकदा चिडून म्हणाला, "मावशी, मले मायनं पाठवलं." तर म्हणे, "मंग ती काऊन नाही आली?"

आठवडी बाजारात तिची जागा ठरलेली होती. गावालगतच्या तुकड्यातली मेथी, कोथिंबीर, थोडे वाल, एवढंच घेऊन बसायची. भाव पाडून मागणाऱ्याचा तिला राग येत नसे. तारीफ करणाऱ्याचा यायचा. कुणी म्हणालं, "वा आजी, काय मेथी आहे!" की ती जुडी आपल्याकडं ओढून घ्यायची. "इतकं गोड काऊन बोलून राह्यला? दुसऱ्याची पाहून आला का?" गिऱ्हाईक हसत निघून जायचं आणि आजीला वाटायचं, बरा पकडला.

तिला जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा पुण्याकडं जाऊन तिकडचाच झालेला. साखळीच्या आत बेधडक जाता येईल अशी मी एकटीच होते. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा आठवीनंतर माझी शाळा सुटली, आणि आई गेल्यावर मी आजीच्या चुलीपाशीच जेवायला लागले. तिनं कधी ये म्हटलं नाही. ताट मात्र वाढलेलं असायचं.

एकदा गावात एक माणूस जीप घेऊन आला. लांब दक्षिणेत शिवणकामाच्या कारखान्याला मुली पाहिजेत, राहणं-खाणं तिथंच, म्हणाला. गल्लीतल्या बायांचे डोळे चमकले. माझेही. आजीनं त्याला दाराबाहेर उन्हात उभं केलं आणि फटीतून विचारलं, "पोरी झोपतात त्या खोलीले कुलूप आतून राह्यते का बाहेरून?" तो हसायला लागला. आजीनं दार लावलं. आतून म्हणाली, "हसाचं काय त्याच्यात? जाय बाप्पा." पुढच्या वर्षी त्याच कामासाठी एक बाई आली, स्वतः त्या कारखान्यात शिवत असलेली. तिलाही तोच प्रश्न. ती म्हणाली, "आतून. किल्ली पोरींजवळच." आजीनं साखळी काढली, तिला चहा दिला आणि माझी पिशवी भरायला घेतली. तेव्हापासून मी इथं तिरुपूरला आहे. हातात काम आहे, डोक्यावर छप्पर आहे, आणि हे सगळं त्या एका प्रश्नामुळं आहे हे मी विसरत नाही.

मी इकडं आल्यावर काही वर्षांनी आमच्या भागात बुलडाण्याहून एक रेडिओ केंद्र सुरू झालं. सुट्टीत घरी गेले तर गावभर तोच. पिठाच्या गिरणीवर, ओट्यावर, म्हाताऱ्यांच्या उशाशी. जुनी संथ गाणी, आणि मधेमधे एका बाईचा मऊ आवाज. तरण्यांपैकी कुणी ऐकत नव्हतं. साठीच्या पुढचं माणूस मात्र एकही सुटलेलं नव्हतं. मी आजीला सहज विचारलं, "हे सगळे एवढं काय ऐकतात गं?"

"त्याच्याच मागावर हावो मी," ती म्हणाली. "हे इतक्या हळू काऊन बोलते? हळू बोलनारा मानूस एक तं बिमार राह्यते, नाही तं त्याले आपल्यापासून काही पाह्यजेन राह्यते. ही बिमार तं वाटत नाही."

तिचाही रेडिओ चालू असायचा, पण ऐकायला म्हणून नाही, पाळत ठेवायला. दुपारच्या कार्यक्रमात लोक फोन करून गाणं मागायचे. ती बाई नाव विचारायची, गाव विचारायची आणि मग म्हणायची, "घरी कोण कोण असतं?" इथं आजी ताठ बसायची. पलीकडून कुणी म्हातारी बोलायची, "कोनी नाही माय, मी एकलीच." आजी रेडिओवर ओरडायची, "सांगू नको वं! काऊन सांगतेस?" माझ्याकडं वळून म्हणायची, "पाय. कोन्या गावात कोन एकलं राह्यते, सारं बसल्या जागी गोळा होऊन राह्यलं. गानं वाजवाचा फक्त बहाना हाये." मला हसू येत होतं, पण थोडी भीतीही वाटली. मी लांब राहणारी, ती एकटी. असं खरंच कुणी गोळा करत असेल तर?

बाजारात तिनं सगळ्यांना सावध करायला घेतलं. शेजारचा लसूणवाला म्हणाला, "आजी, रेडिओतून चोर येते का कुठी?"

"येत नाही. पत्ता जाते," आजी म्हणाली. कुणी मनावर घेतलं नाही. तेव्हा तिनं ठरवलं की आपणच फोन करून त्या बाईला पकडायचं.

मी परत कामावर आले होते, त्यामुळं हे तिनं मला नंतर सांगितलं. त्या बाईला तिनं नाव सांगितलं नाही, "धाडची आजी" एवढंच. "घरी कोण कोण असतं आजी?" असा प्रश्न आला, आणि ही त्याचीच वाट पाहत होती. "सात जन," ती म्हणाली. "दोन पोरं, दोघी सुना, नातू, नात आन् मी. कुत्रं बी हाये. चावते." ती बाई हसली म्हणे. म्हणाली, "मग सात जणांना आवडेल असं गाणं लावते." आणि लावलं.

"मग? पकडलीस का?" मी विचारलं.

"कुठी? लय पक्की हाये. पुन्हा करा लागते."

ती पुन्हा करत राहिली. दर आठवड्याला, चौकशी म्हणून. खोटं उघडं पडू नये म्हणून प्रत्येक वेळी थोडी भर घालावी लागायची. थोरली सून कामाची, पण फटकळ. धाकली उशिरा उठते. नातवाला भाकर नको, रोज पोळी पाहिजे. ती बाई मागच्या वेळचं लक्षात ठेवायची आणि विचारायची, "धाकट्या सूनबाई आता लवकर उठतात का?" आजी म्हणायची, "कायच्या उठतात!"

एका रविवारी मला फोनवर म्हणाली, "धाकलीनं आज दूध उतू घातलं."

मी विचारलं, "कोणती धाकली, आजी?"

"आपली."

मी शेजारच्या वहिनीला फोन लावला. आजीला माणसं ओळखू येतात का, औषध वेळेवर घेते का, सगळं विचारलं. वहिनीनं ते जाऊन तिलाच सांगितलं. संध्याकाळी आजीचा फोन. "माह्या डोक्याची चौकशी करून राह्यलीस का? माहं डोकं जाग्यावर हाये. सून नाही, मले ठाव हाये. दूध उतू गेलं, ते तं खरं हाये ना?"

बाजारात लोक चिडवायचे, "आजी, सुना कुठी हायेत?" ती मान वर न करता म्हणायची, "माहेरी." गाव सगळं जाणून होतं, पण रेडिओवर फोन करून कुणी चुगली केली नाही.

आणि मग त्या रेडिओनं जाहीर केलं की नेहमी फोन करणाऱ्यांचा बुलडाण्यात मेळावा आहे. सर्वांनी घरच्यांसह यावं.

त्या दिवशी आजीचा आवाज मी पहिल्यांदा घाबरलेला ऐकला. "म्हनलं नव्हतं तुले? आता बोलावून मोजनार हायेत."

"जाऊ नकोस ना मग."

"नाही गेलं तं समजनार. मंग फोन कोन्या तोंडानं करू?" मग म्हणाली, "बंदच करा लागंन."

ते शेवटचं वाक्य ती इतकं हळू बोलली की मी सुपरवायझरकडं जाऊन रजा मागितली.

धाडला पोचले तर बेत तयार. "तू धाकली सून. थोरली माहेरी गेली, पोरं हरभरा पेरून राह्यले, लेकराहीची शाळा हाये."

"आणि कुत्रं?"

"कुत्र्याले कोनी मेळाव्यात नेते का? येडी कुठली." डोक्यावर पदर घे, म्हणाली. आणि जास्त बोलू नको.

बुलडाण्याच्या त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर सगळी पांढरी डोकी. आजीनं मला कडेला बसवलं आणि लगेच चौकशीला निघाली. एका आजोबांना विचारलं, "घरचे नाही आले?" ते म्हणाले, "सोयाबीन सोंगाले गेले." आजी म्हणाली, "सोयाबीन तं कवाचं घरी आलं. लोकं हरभरा पेरून राह्यले." आजोबांनी टोपी सारखी केली. पलीकडच्या बाईची चारही लेकरं लग्नाला गेली होती. "कोन्या गावी?" ती बाई आठवत बसली. तिसऱ्याचा सगळा परिवार म्हणे मागून येणार होता. त्यानं शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरली होती. पिशवीत पाण्याची बाटली तेवढी.

आजी तरातरा माझ्याकडं आली. "सारे खोटं बोलून राह्यले वं," ती कुजबुजली. डोळे पकडल्याच्या आनंदानं चमकत होते. मग तिनं परत वळून त्या सगळ्या रांगांकडं पाहिलं. डोळ्यांतली चमक हळूहळू गेली. ती माझ्या बाजूला बसली आणि त्यानंतर तिनं कुणाला काही विचारलं नाही.

रेडिओवरची ती बाई स्टेजवर आली. आवाजावरून वाटायची त्यापेक्षा पोरसवदा, चष्मा लावलेली. एकेकाचं गाव पुकारून वर बोलवत होती. बीबी गावाहून एक आजोबा आले होते, काठी टेकत वर गेले. तिनं ओळख करून दिली की यांच्या घरी दहा माणसं आहेत, नातवंडांच्या गोंगाटात यांना गाणं नीट ऐकू येत नाही. लोक हसले. मग तिनं विचारलं, "दादा, कोण कोण आलंय घरचं?"

आजोबांनी माईक घेतला. समोरच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. ओठ हलले, शब्द आला नाही. फोटो काढायला आलेला एक पोरगा खुदकन हसला. हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज. मला वाटलं, आता ती बाई काहीतरी बोलून ती वेळ मारून नेईल. पण ती नुसती त्यांच्याकडं बघत उभी राहिली, जसं काही उत्तर येणारच आहे.

माझ्या बाजूची खुर्ची करकरली. साखळीआजी उभी होती.

"आलते ना!" तिचा आवाज माईकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत गेला. "मी पाह्यले त्याहीले. दाराशीच भेटले. लेकरं रडत होते, तं चहा-बिस्कुटं घ्याले बाहेर गेले."

जिनं सख्ख्या भाच्यावर विश्वास ठेवला नाही, ती भरसभेत दहा माणसांची ग्वाही देत होती. बीबीच्या आजोबांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "हाव," ते माईकमध्ये म्हणाले, "बाहेर गेले."

मागून कुणीतरी म्हणालं, "मी बी पाह्यले." आणखी एक आवाज आला, "धाकलं लेकरू लय गोड हाये." स्टेजवरच्या बाईनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "मग बाहेरही ऐकू जाईल असं मोठ्यानं लावते."

कार्यक्रम संपल्यावर आम्ही एस.टी. स्टँडवर आलो. मला मलकापूरला जाऊन रेल्वे धरायची होती, तिला धाडला. आजी पिशवी टेकवून बाकावर बसली. मग म्हणाली, "त्या पोरीले सारं ठाव हाये. पयल्यापासून."

"मग विचारते कशाला?"

"तेच तं पाहून राह्यली होती इतके दिवस, हिले पाह्यजेन काय." ती माझ्याकडं वळली. "काही नाही पाह्यजेन वं. गाने-बिने काही नाही, ती इचारते आन् मंग थांबते. तुह्यासमोर तं उभी होती. आपल्याले बी लोक इचारतात, कसं हाये आजी? आन् आपुन तोंड उघडस्तोवर पुढच्या वळनावर राह्यतात."

धाडची एस.टी. लागली. माणसं धावली. मी तिची पिशवी उचलली, पण ती उठली नाही.

"तिकडं तुले कसं वाटते?" तिनं मला विचारलं.

"बरं आहे आजी. चल, गाडी लागली."

"गाडी पाहू नको."

कंडक्टरनं दोनदा आवाज दिला. दार आपटलं, घंटी वाजली, एस.टी. वळून फाटकाबाहेर गेली. आजीनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. हात मांडीवर ठेवून ती माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. तेव्हा मी बोलायला लागले. रात्री झोप लागत नाही इथपासून.