आईच्या फॉर्ममधला अकरावा प्रश्न

आईचे सगळे फॉर्म मीच भरते. मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून आठवीपासून हे काम माझ्याकडे आहे.

बावन्नाव्या वर्षी आईची कंबर धरली. वीस वर्षं ती घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रिपोर्टमधले आकडे टाइप करत बसलेली. घरी आली की पुन्हा खुर्चीत. आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, आता हालचाल केली नाही तर जिना बंद होईल. जवळच पिलाटीजचा क्लास होता. चटईवर झोपून पोटाचे, कंबरेचे स्नायू बळकट करायचे. मी आईचं नाव घातलं आणि माझ्या फोनवर फॉर्म आला.

अकरावा प्रश्न होता, खोकताना किंवा हसताना लघवी सुटते का. आई समोरच मेथी निवडत होती. शिंक आली की ती पाय आवळून उभी राहते, हे मी कितीदा पाहिलं होतं. इंग्रजीत प्रश्न साधा वाटत होता. मराठीत तिला विचारायला तोंड उघडेना. मी ‘नाही’वर बोट ठेवलं.

पहिले दोन दिवस बरे गेले. येताना जिन्यात ती एकदाच थांबली आणि शेजारच्या काकूंना म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी झोपून काम करायला सांगतंय.”

तिसऱ्या दिवशी मी दाराजवळच्या बाकावर होते. ट्रेनरने पाय वर धरून, डोकं उचलून जोरात श्वास सोडायला सांगितलं. आई मध्येच उठून बसली. मग ओढणी काढून चटई पुसत राहिली, पार कडेपर्यंत. बाकीच्या बायका छताकडे बघत होत्या.

संध्याकाळी ट्रेनरचा इंग्रजीत मेसेज आला. फॉर्ममध्ये ‘नाही’ होतं, नाहीतर तो व्यायाम दिलाच नसता. हे अनेकींना होतं, त्यासाठी वेगळे व्यायाम आहेत, आईला नक्की पाठव.

“काय म्हणते ती?” आईने विचारलं.

“परत या म्हणते.”

“आणि?”

“एवढंच.”

“कशाला जाऊ? माझंच शरीर नासकं. तिचा काय दोष.”

मी फोन उलटा ठेवला.

आई पुन्हा क्लासला गेली नाही. यंदा तिने नोकरी सोडली. राजीनामा मीच लिहिला. कारण काय लिहू, हे मात्र तिला विचारलं.

“जिना लिही,” ती म्हणाली.