काकू, पन्नी काढा!

माझी वहिनी दिपाली हळू बोलायला शिकलीच नाही. वायरमनचं शिकून ती आर्वीत एका दुकानाच्या काउंटरवर बल्ब विकायची. यंदा तिनं ते सोडलं आणि स्कूटीवर पाटी लावली, 'बंगल्याच्या बागेतल्या दिव्यांची वर्षभर देखभाल'. दिवा बंद पडला की लोक बोलवायचे. चालू दिव्याकडे बघायला कोण बोलावतं? संक्रांतीपर्यंत वर्षभराच्या कामाचं एकही घर लागलं नाही, तर तिला परत काउंटरवर जावं लागणार होतं. तिथलं तिचं पडलेलं तोंड मला बघवायचं नाही.

अशात ओळखीच्या रुख्मिणीकाकूंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं, आकांक्षाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरच्याच बागेत होतं आणि दिवे सारखे जात होते. मीही वहिनीसोबत गेले. नवी वस्तू प्लास्टिकच्या पन्नीतच राहिली पाहिजे, हा काकूंचा हट्ट. टीव्हीचा रिमोट पन्नीत, सोफा पन्नीत आणि बागेतला एकूण एक दिवा पन्नीत, वर सुतळीची गाठ! आत पाणी साचून तारा हिरव्या पडलेल्या.

"काकू, पन्नी काढा!" वहिनी गरजली.

"काऊन? पाण्यानं खराब होतीन ना!"

"पन्नीनंच खराब होऊन राह्यले. आत वाफ धरते. बाहेरचाच दिवा आहे तो, त्याले हवा लागू द्या."

काकू कसल्या ऐकतात! "साक्षगंधात एक जरी दिवा गेला तं पुन्हा बोलावणार नाई."

"अन् नाई गेला तं वर्षाचं काम माहं!"

मी मनात कपाळावर हात मारला. वहिनी मात्र कामाला लागली. पन्न्या सोडल्या, दिवे उघडून पुसले, झाकणांचे रबर बदलले, मातीत गाडलेले जोड वर काढून बंद डब्यांत बसवले.

साक्षगंधाच्या दुपारी आभाळ फाटल्यासारखा अवकाळी कोसळला. काकू पन्न्यांचा गठ्ठा घेऊन धावत बाहेर आल्या. "म्या सांगतलं होतं!" वहिनी दिव्याच्या पुढ्यात उभी राहिली, नखशिखांत भिजलेली. "बांधाचीच असन तं मले बांधा!" काकूंना हसावं की रागवावं कळेना. गठ्ठा हातातच राहिला.

पाऊस थांबला, अंधारून आलं, पाहुणे उतरले. वहिनीनं काकूंचंच बोट बटणावर ठेवलं. "दाबा."

फाटकापासून ओट्यापर्यंत सगळे दिवे एकदम लागले. ओलं गवत, जास्वंद, पेरूची पानं, सगळं झळाळून उठलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

जाम गावाहून आलेल्या नवऱ्या मुलाच्या आईनं वहिनीला बाजूला घेतलं. "आमच्या घरच्या बगीच्याचं पाहशीन का वो, वर्षभर?"

वहिनी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू मध्ये घुसल्या. "थांबा, विहीणबाई! पयलं वर्षाचं घर माहं. तुमचा नंबर मंग!"

वहिनीनं माझा हात इतका घट्ट आवळला की बोटं कळवळली. तरी मी हसतच राहिले, तिच्याइतक्याच मोठ्यानं.