भुऱ्याची मध्यस्थी

कुंभारवाड्याच्या म्हादूने एका गोऱ्या साहेबाच्या मुक्कामाला बायकोची अंड्यांवर बसलेली कोंबडी परस्पर देऊन टाकली, आणि त्या दिवसापासून फुलाने नवऱ्याशी बोलणं टाकलं. म्हादूही काही कमी नव्हता. आधी बोलेल तो हरला, असं दोघांनी आपापल्या मनाशी ठरवलं आणि नऊ वर्षं हा पराक्रम नेटाने चालवला. तोवर साहेब विलायतेला परतलासुद्धा.

संसार चालला तो कुत्र्याच्या जिवावर. "भुऱ्या, धन्याला सांग, आंबील निवली," असं फुला म्हणायची. "भुऱ्या, तिला सांग, मीठ न्हाई त्यात," असं म्हादू कळवायचा. भुऱ्या दोघांकडे बघून शेपूट हलवायचा. एवढा समजूतदार माणूस गावच्या पंचांतही नव्हता.

मग भुऱ्याचे डोळे गेले. तो उखळावर आपटू लागला, चुलीच्या निखाऱ्यात पाय घालू लागला. शेजारच्या उमाजीने फुकटचा सल्ला दिला की रानात सोडून या, वाघाचीही सोय होईल. उमाजीची सासू तेव्हा आंधळीच होती. म्हातारीच्या कानावर हे गेलं नाही, ते बरं झालं.

म्हादूला मात्र वेगळीच चिंता पडली. कुत्रं गेलं तर या घरात बोलायचं कुणाशी? पण हे कबूल करील तो म्हादू कसला! राखणीला कुत्रं लागतं, असं त्याने उमाजीला ठणकावून सांगितलं.

मग दोघंही कामाला लागली, अर्थात न बोलता. फुलाने घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही असं व्रत घेतलं. शेताच्या वाटेवर ओढा होता आणि त्यावर एकच ओंडका आडवा टाकलेला. त्याच्या दोन्ही तोंडांशी म्हादूने वाळलं गवत अंथरलं; पायाला गवत लागलं की भुऱ्याने थांबायचं. मग म्हादू पुढे काठी आपटत जायचा आणि भुऱ्या त्या आवाजामागे. महिन्याभरात तो शिकला.

भाद्रपदात ओढा फुगला होता. म्हादू पलीकडे पोचला आणि मधोमध भुऱ्याचा पाय घसरला. फुला अंगणातून धावत अलीकडच्या काठाला आली. इकडून ती हाका मारी, तिकडून म्हादू. भुऱ्या इकडे वळे, तिकडे वळे. दोघांतल्या एकाने गप्प बसायला हवं होतं, पण तो निरोप न्यायचा कुणी? निरोप्या तर ओंडक्यावर थरथरत उभा.

त्याचा मागचा पाय पुन्हा सुटला. म्हादूने काठी टाकून दिली.

"फुला, तूच बोलव त्याला. मी गप ऱ्हातो."

नऊ वर्षांची लढाई तो तिथे हरला. फुला हळूहळू बोलत राहिली आणि भुऱ्या पाऊल पाऊल टाकत तिच्याकडे गेला. तिने त्याला कवटाळलं. मग मान वर करून तिने पलीकडे पाहिलं.

"आता तुमी या," ती म्हणाली. "बेतानं या, वल्लं हाय."

म्हादूचे दोन्ही डोळे धड होते, पण त्याला ओंडका काही नीट दिसेना. तो तिच्या आवाजाच्या रोखाने चाचपडत निघाला.