पेर कापा, पन नख नको

"हा फेलन आहे," दादाचा उजवा अंगठा उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. फेलन म्हणजे बोटाच्या पेरात, आतल्या मांसात साठलेला पू. तो बाहेरून थोडा दिसतो, आत फार पसरतो. "आजच नख काढून पू मोकळा करायला हवा. हाडापर्यंत पोचला तर ऑस्टिओमायलायटिस होईल. म्हणजे हाड सडेल. मग वरचं पेर कापावं लागेल."

दादा खाली बघत म्हणाला, "मंग पेर कापा, डॉक्टर. पन नख नाय काडायचा."

"अहो हिराजी, पेर गेल्यावर नख काय हवेत राहणार?"

"ता गेला तं देवान नेला. मी माज्या मनान नाय काडला."

पनवेलच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या खोलीत मला रागाने रडू आलं. माझा मोठा भाऊ मिठागरावर काम करतो. उन्हात सुकलेलं मीठ लाकडी फळीने ओढून ढीग लावायचा, फावड्याने पाट्या भरायच्या. उजवा अंगठा गेला की फळीचा दांडा हातात ठरत नाही. पुढे घर कशावर चालणार होतं?

पण दादा अडाणीपणाने बोलत नव्हता, भीतीने बोलत होता. वहिनीला सहावा महिना होता. आमच्याकडे बायको पोटुशी असली की नवऱ्याने केस, दाढी, नखं काढायची नाहीत, अशी रीत आहे. मागच्या खेपेला एका लग्नासाठी दादाने दाढी केली आणि पुढे बाळ मेलेलं जन्मलं. साऱ्या आळीने वस्तऱ्याला दोष दिला. दादाने तो स्वतःवर घेतला आणि कुणाशी बोलला नाही.

म्हणून या खेपेला त्याने नखं वाढू दिली. खाजणाच्या दलदलीतला चिखल नखांखाली बसायचा, मिठाच्या पाण्याने कातडी चिरायची. एक दिवस पाटी उचलताना अंगठ्याचं नख मुळापर्यंत फाटलं. ठणका लागला. शेजारच्या काकूंनी लिंबाला भोक पाडून त्यात अंगठा खुपसायला लावला. नंतर कुणीतरी तापवलेला बिब्बा लावला. कातडी भाजली, पू आतच राहिला, सूज मनगटाकडे चढू लागली. माझ्या सगळ्या विनवण्या वाया गेल्यावर तापानेच त्याला दवाखान्यात आणलं.

डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेले तेव्हा बाकावर बसून मी दादाला व्याख्यान दिलं. वाचनालयात अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत मी वाढलो आहे. रूढी, बुद्धी, विज्ञान, सगळं बोललो. दादा म्हणाला, "तू बोलतोस ता बराबर हाय रे. पन बाल तुजा नाय."

मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

दुपारी भाकरीचं गाठोडं घेऊन वहिनी आली. डॉक्टरांनी तिलाही तेच सांगितलं आणि वर म्हणाले, "बाई, नख कापताना दुखतं का? केस कापताना? नाही. कारण वाढलेला भाग निर्जीव असतो. जिवंत असतं ते मूळ. नख बोटाच्या टोकाला आधार देतं, बारीक वस्तू धरायला मदत करतं. केस डोक्याला ऊन लागू देत नाहीत. दोन्ही राखणदार आहेत. पण राखणदाराला आंघोळ घालायला नको का?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मग दादासमोर उभी राहिली.

"आवो, ही रीत कोनासाटी पालताव?"

"बालासाटी."

"बाल कोनाच्या पोटान हाय?"

दादाची नजर तिच्या पोटावर गेली.

"मागल्या टायमाला मना आठ दिस ताप व्हता. अंग निसता जलत व्हता. तुमी मिठागरावर, सासूबाई लग्नाच्या गडबडीन. तवा कोनी इचारला नाय, मागून बी कोनी इचारला नाय. सगली तुमच्या दाढीवर बोलत बसली."

डॉक्टर पुढे झाले. "ताप? मग तोच बाळाला बाधला असण्याची शक्यता मोठी. दाढीचा काही संबंध नाही. या खेपेला अंग जरा जरी गरम लागलं तरी लगेच इथे यायचं, बाई."

वहिनीने मान हलवली आणि दादाला म्हणाली, "आयकला? काडा ता नख. उद्या बाल रडला तं उचलाल कशान, माज्या डोक्यान?"

दादाने कोपराने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

अंगठा बधिर करून नख काढलं, चीर देऊन पू वाहू दिला. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. पेनिसिलिन म्हणजे जंतू मारणारं औषध. रोज पट्टी सुटायची आणि व्हरांड्यात बसून आम्ही डॉक्टरांची वाट बघायचो. हाड वाचलं की नाही, हे लगेच कळत नव्हतं. एका सकाळी डॉक्टरांनी पेराचं टोक दाबलं.

"आत ठणकतं?"

"नाय. वरची कातडी तेवडी दुकते."

"ताप नाही, पू नाही. हाड वाचलं. आता घरी जा आणि लिंबू फक्त मासळीवर पिळा."

नखाबरोबर दाढीही उतरवावी, असा माझा हट्ट होता. वहिनीने मला बाजूला घेतलं. "भावजी, दाढी ऱ्हाऊ द्या. नख माज्या शब्दान काडला. दाढी त्याना त्यांच्या मनान काडू द्या." मी तत्त्वाचा माणूस, पण ऐकलं. दादाने ती दाढी शिकेकाईने धुतली, विंचरली आणि ती बिचारी कुणाच्या वाटेत आली नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या हातांकडे बघा. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. आंघोळीनंतर कापली तर मऊ असतात. कामावरून आल्यावर साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, खोबरेल लावा. केस धुवा, वाळवा, मगच बांधा. एकाची फणी दुसऱ्याने वापरू नका. बोट ठणकू लागलं तर लिंबू, बिब्बा काही नको, डॉक्टर गाठा. त्या डॉक्टरांचे आणि पट्टी बांधणाऱ्या नर्सबाईंचे उपकार आमच्या घरातून जाणार नाहीत.

पावसाच्या आधी वहिनीला मुलगी झाली, ठणठणीत. दादाने तिला दोन्ही हातांनी उचललं तेव्हा नवं नख अंगठ्याच्या निम्म्यावर आलं होतं, जरा वाकडं, पण घट्ट.

पुढच्या हंगामात मिठागरावरच्या गणूची बायको पोटुशी होती. त्याची नखं वाढलेली बघून मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला आणि निघालो. दादाही न्हाव्याकडून नखं काढायची नऱ्हाणी मागून बरोबर आला. गणूच्या दारात पोचताच मी पहिलं पत्रक उघडलं.

"थांब रे," दादा म्हणाला. "आदी त्याच्या बायकोला बोलव. तिला काय वाटता ता इचारू."

मी पत्रक मिटलं आणि तिला हाक मारली.